जानेवारीतला शनिवार-रविवार: जांबोटी-कणकुंबीचं जंगल आणि घटप्रभेचं पाणी, दोन्ही जमेल का?

टिळकवाडी_दुर्बीण यांचा प्रश्न:

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारची सुट्टी धरून आम्ही दोघं बेळगावहून निघणार आहोत. गाडी स्वतःची आहे, रात्री घरी परतलो तरी चालेल. एक मन म्हणतं पश्चिमेला जांबोटी-कणकुंबी, दुसरं म्हणतं पूर्वेला घटप्रभा-धुपदाळ. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरवाला, लेन्स १५०-६०० मिमी, दुर्बीण ८x४२. ट्रायपॉड आहे, पण तो बाहेर काढून लावेपर्यंत पक्षी उडालेला असतो.

विचारायचं असं: कुठल्या दिवशी कुठे जावं? पाण्यावरच्या पक्ष्यांचे फोटो नेहमी मऊ, म्हणजे धार नसलेले येतात, दोष लेन्सचा की आणखी कशाचा? आणि जंगलात कुठपर्यंत जायला परवानगी लागत नाही?

कवड्या_खंड्या:

दोन्ही जमेल, फक्त एका दिवसात दोन्हीकडे धावू नका. कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, गोकाकला पाच-सहाशेच्या आसपास, आणि या दोन टोकांमध्ये रस्त्याने सव्वाशे किलोमीटरही नाहीत. त्यामुळे पक्षी साफ वेगळे मिळतात. पण उजेडाचं वेळापत्रकही तितकंच वेगळं असतं, हे लोक विसरतात. पाणथळीवर कामाची वेळ म्हणजे सूर्योदयापासून साधारण साडेनऊपर्यंत. जंगलात आठच्या आधी कॅमेऱ्याला फारसं काम नसतं, ऊन फांद्यांत उतरलं की हालचाल दिसायला लागते आणि ती अकरापर्यंत टिकते.

शनिवार घटप्रभेला द्या. कारण साधं आहे. जांबोटी-कणकुंबीवरून जाणाऱ्या चोर्ला रस्त्यावर शनिवारी सकाळी गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते. रविवारी सकाळी तोच रस्ता बराच मोकळा असतो, परतीची गर्दी संध्याकाळी सुरू होते.

जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास. धुपदाळला साडेसहाला पोहोचायचं तर पाचला निघा. हे दिवस ऊसतोडणीचे. अंधारात उसाच्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या असू शकतात. गाडी दामटू नका. रेल्वे परवडत असेल तर मिरज मार्गावर घटप्रभा स्टेशन आहेच, पण पहाटेच्या उजेडाला गाठ पडेल अशी गाडी त्या दिवशी आहे का, ते आधी बघा.

धुपदाळचा बंधारा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधला, घटप्रभेचा डावा कालवा तिथूनच निघतो. बंधाऱ्यामागच्या पाण्याला आणि त्यातल्या बेटांना १९७४ पासून पक्षी अभयारण्याचा दर्जा आहे. नाव आहे ते हिवाळ्यात येणाऱ्या कांड्या करकोच्यांमुळे आणि युरोपातून येणाऱ्या पांढऱ्या करकोच्यांमुळे. ते दरवर्षी ठरल्या जागी, ठरल्या संख्येने दिसतील असं मात्र धरून चालू नका. वरच्या अंगाला हिडकल धरण आहे. तिथून पाणी सोडलं की धुपदाळची पातळी चढते, चिखलाचे पट्टे आणि बेटांच्या कडा बुडतात, आणि शेकाटे, तुतारी, चमचे सगळे उथळ पाणी शोधत पांगतात. आदल्या दिवशी गावात कुणाला तरी फोन करून ‘पाणी वाढलंय का’ एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

कांड्या करकोचे रात्र पाण्याकाठी काढतात, उजाडल्यावर हरभरा-ज्वारीच्या शेतांकडे जातात आणि ऊन चढल्यावर पाणी प्यायला परततात. म्हणजे पहाटेची उडान चुकली तरी दुपारी पुन्हा संधी असते, फक्त तेव्हाचा उजेड कडक असतो. ओळखताना छातीवर लोंबणारी काळी पिसं आणि डोळ्यामागचा पांढरा झुपका बघा. डोक्यावर लाल डाग दिसला तर तो साधा क्रौंच. नवखे लोक कांडेसरालाही कांड्या करकोचा समजून बसतात. त्याची मान पांढरी लोकरीसारखी आणि अंग काळं, इतकं लक्षात ठेवलं की पुरे. उडताना मान ‘एस’सारखी दुमडलेली असेल तर तो बगळा.

साडेनऊनंतर गोकाककडे वळा. जानेवारीत धबधब्याला पाणी नावापुरतंच असतं, पण कड्यावर निळा कस्तुर शोधायला हरकत नाही. जेवण उरका, झोप काढा. साडेचारनंतर उसाची तोडणी झालेली शेतं आणि कडेचे गवताळ पट्टे बघा. पाला पेटवलेल्या किंवा नांगरट चाललेल्या शेतावर बगळे, धोबी, कोतवाल गोळा होतात, वरून भोवत्या हा शिकारी पक्षी फिरतो. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारा. हरभऱ्यात फोटोसाठी घुसलेला माणूस कुणालाच आवडत नाही.

रविवारी सहाला जांबोटीच्या दिशेने. पुढचं जंगलवाले सांगतील.

फोकस_आणि_धुकं:

मऊ फोटोंबद्दल. लेन्स बदलायच्या आधी हवा तपासा. ऊन चढलं की ओला चिखल आणि पाणी वेगवेगळ्या वेगाने तापतात, त्यांच्यावरची हवा थरथरते, आणि ६०० मिमीला ती थरथर मोठी होऊन दिसते. शंभर मीटरपलीकडच्या पक्ष्याचा डोळा तेव्हा कुठल्याच लेन्सला धारदार मिळत नाही. ओळखायची खूण: एकाच ठिकाणी सलग दहा फोटो काढा. सगळे सारखेच मऊ असतील तर फोकसची चूक, प्रत्येक फोटो वेगळ्या ठिकाणी वाकडा असेल तर हवा. हवेवर शार्पनिंगचा उपाय चालत नाही. अंतर कमी करा नाहीतर कॅमेरा पिशवीत ठेवा.

अंतराचा हिशोब सोपा आहे. क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी. ६०० मिमी लेन्सने ५० मीटरवर चौकटीची रुंदी येते जवळपास दोन मीटर, १०० मीटरवर चार. करकोचा मीटरभर उंच, म्हणजे १०० मीटरवर तो चौकटीच्या उंचीच्या जेमतेम चाळीस टक्के भरतो. वेबवर टाकायला पुरे, भिंतीवर लावायला नाही. १५ सेंटीमीटरचा पक्षी २० मीटरवर असेल तर चौकटीच्या रुंदीचा पाचवा हिस्सा. छोट्या पक्ष्यासाठी २० मीटरच्या आत जाता येत नसेल तर दुर्बीण उचला, कॅमेरा राहू द्या.

दुसरं मोठं कारण म्हणजे गाडी. काच थोडी खाली, एसी चालू, इंजिन धडधडतंय, आणि लेन्स खिडकीत. आतली थंड हवा आणि बाहेरची गरम हवा नेमकी लेन्ससमोर मिसळते. वर इंजिनाची कंपनं. जागेवर पोहोचायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करा, सगळ्या काचा खाली करा, थांबलात की इंजिन बंद.

ट्रायपॉड घरी ठेवा, दोन किलोची बीनबॅग घ्या. पिशवी रिकामी न्या आणि वाटेत ज्वारी भरा. दाणा गोल असल्यामुळे पिशवी लेन्सखाली नीट बसते, परत आल्यावर दळणाला देता येते. तांदूळही चालतो. चुरमुरे भरणारे महाभाग बेळगावात आहेत. वजन नाही, आधार नाही, दुपारपर्यंत अर्धे संपलेले. पावसाळ्यात धान्य भिजून मोड येतात, तेव्हा प्लॅस्टिकचे दाणे बरे.

सेटिंग: मॅन्युअल, ऑटो आयएसओ, आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशनवर (फोटो उजळ-गडद करायची चकती) अंगठा. उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याला शटर १/१६०० सेकंद पुरतं, सुरय किंवा भिंगरीला १/३२००. अ‍ॅपर्चर ६.३ असेल तर ७.१ किंवा ८ ला आणा, ६०० ला या लेन्स थोड्या बंद केल्यावरच खुलतात. पण पहाटे उजेड कमी असताना हा नियम मोडा. मऊपणा नंतर सहन होतो, हललेला फोटो नाही. आयएसओ ३२०० ला घाबरू नका. नॉइज सॉफ्टवेअर काढतं, हललेली धार कुणीच काढू शकत नाही.

पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर कॅमेरा सगळं उजळवायला बघतो आणि पिसं जळतात. उणे ०.७ ते उणे १ ठेवा, हिस्टोग्रामची (उजेडाच्या आलेखाची) उजवी कडा भिंतीला चिकटलेली नाही ना ते बघा. उजळ आकाशासमोर काळपट पक्षी असेल तर उलट, अधिक १. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, जेपीईजीमध्ये गेलेला पांढरा परत येत नाही.

लेन्सवरचा फोकस लिमिटर १० मीटर ते अनंतवर ठेवला की पक्षी चौकटीतून निसटल्यावर लेन्स जवळच्या गवताकडे धावत नाही. पाण्यावर बसलेल्या पक्ष्यासाठी एकच छोटा फोकस पॉइंट, आकाशातल्यासाठी मोठा गट. पाण्यातल्या चमचमीवर मोठा गट हमखास फसतो. आणि उंची! बांधावर उभं राहून खाली बघत काढलेल्या फोटोत बदक चिखलाला चिकटलेलं दिसतं. गाडीतून उतरून पोटावर झोपा, लेन्स पाण्याच्या पातळीला आणा, मागचं सगळं विरघळून जातं. शाल किंवा ताडपत्री सोबत ठेवा, काठावर काटे असतात.

रानवाट:

रविवारच्या बाजूचं. बेळगावहून जांबोटी साधारण ३० किलोमीटर, कणकुंबी ५० च्या आतबाहेर. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, बरेच जण तिथपर्यंत जाऊन परत येतात. पक्ष्यांसाठी रस्त्यात आधीच थांबायला हवं.

जंगलात पक्षी शोधू नका, झाड शोधा. जानेवारी-फेब्रुवारीत सावर आणि पांगारा फुलतात. पूर्ण फुललेल्या सावरीखाली तासभर बसलात तर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी, हरेवा, बुलबुल आपणहून हजेरी लावतात. फळावर आलेला उंबर, वड किंवा नांद्रुक मिळाला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही: कुटुर्गा, हळद्या, आणि नशिबात असेल तर मलबारी राखी धनेश. हा फक्त पश्चिम घाटात सापडतो, चोचीवर शिंग नसतं आणि आवाज खदखदून हसल्यासारखा. आधी तो आवाज ऐकू येतो, मग पक्षी. झाडापासून १५-२० मीटरवर, ऊन पाठीशी घेऊन बसा. झाडाच्या अगदी खाली गेलात तर फक्त पोटं आणि आकाश मिळेल.

दाट भागात निखार, पिवळ्या भुवईचा बुलबुल, भृंगराज, सातभाई असे एकत्र फिरतात. असा मिश्र थवा आला की दहा मिनिटं गोंधळ, मग अर्धा तास सामसूम. मागे पळू नका, थव्याचा रोख बघून पुढे ५० पावलांवर जाऊन उभे राहा. कर्णा असाच भेटतो. सरळ बसतो, हलत नाही, म्हणून नजरेतून सुटतो. इथे १/३२० ते १/५००, आयएसओ ३२०० ते ६४००, फोकस एकच पॉइंट. पानं मध्ये आली की कॅमेरा पानंच पकडतो, तेव्हा हाताने रिंग फिरवावी लागते. ती सवय घरच्या बागेत आधी करून ठेवा.

परवानगी: भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं, खानापूर तालुक्यात साधारण १९० चौरस किलोमीटर. आत जायचं तर वनखात्याकडूनच, अधिकृत नोंदणी करून. सार्वजनिक डांबरी रस्त्यावरून जाताना फोटो काढणं वेगळं आणि रस्ता सोडून पायवाटेने आत शिरणं वेगळं. असं आत शिरण्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. ड्रोन तर अजिबात नको. भीमगडच्या बारापेडे गुहांतली रॉटनची वटवाघळं जगभर दुर्मीळ आहेत. फ्लॅश आणि टॉर्च घेऊन ‘नुसतं बघून येऊ’ म्हणणाऱ्यांनी तिकडे फिरकू नये.

आणि अस्वल. खानापूरच्या रानात ते नवलाचं नाही. पहाटे आणि संध्याकाळी एकट्याने पायी फिरायचं नाही. दोघं एकत्र राहा, अधूनमधून बोलत राहा. पक्षी थोडे दूर जातील, जाऊ द्या. अचानक समोरासमोर येणं हाच धोका असतो. गवा दिसला तर गाडीतच बसा, हॉर्न नको. मुख्य रस्त्यावर गाडी उभी करताना चारही चाकं डांबराच्या बाहेर हवीत आणि वळणावर थांबायचं नाही.

मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवू नका. नर आपली हद्द राखायला खाणं सोडून धावत येतो, दहा गटांनी तेच केलं तर तो जागा सोडतो. घरट्याचा फोटो काढण्यासाठी फांदी बाजूला केली की सावली जाते आणि कावळ्याला वाट दिसते.

राकसकोप_कडेने:

वरच्यांशी थोडा मतभेद आहे. पहिल्यांदाच जात असाल तर कणकुंबीपर्यंत पळायची गरज नाही. एक सकाळ बेळगुंदी मार्गे राकसकोपला द्या. शहराच्या पाणीपुरवठ्याचा जलाशय आहे, म्हणून आत शिरायचं नाही, बाहेरच्या रस्त्यावरून आणि शेतांच्या बांधावरून बघायचं. पाणी, भातखाचरं आणि झाडी एका ठिकाणी मिळतात, पेट्रोल वाचतं, आणि चुकत-माकत शिकायला तेच बरं. हळदी-कुंकू बदक, वारकरी, नदी सुरय, कवड्या खंड्या, वेडा राघू, तारेवर नीलपंख आणि खरुची, एवढ्यावर हात बसला की मग धनेशामागे लागा.

आणखी एक गोष्ट बेळगावकरांना सांगायची म्हणजे नवल, तरी सांगतो. कॅम्पाचा भाग, लष्कराची मैदानं, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचा परिसर. इथे गवतावर पक्षी कितीही छान बसलेला असो, ६०० मिमीची लेन्स बाहेर काढू नका. जवानाने विचारल्यावर ‘टिटवी काढत होतो’ हे उत्तर पटवायला दिवस जातो.

टिळकवाडी_दुर्बीण:

सगळ्यांचे आभार. शनिवार घटप्रभा, रविवार जांबोटी असं नक्की केलं, राकसकोप पुढच्या आठवड्यात. दोन शंका उरल्या. पहाटेच्या थंडीत लेन्सवर बाष्प धरतं, त्याचं काय? आणि थव्यातले पक्षी मोजायचे कसे? ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) आकडा टाकताना अंदाजाने लिहिलं तर चालतं का?

फोकस_आणि_धुकं:

बाष्प धरतं ते थंड लेन्स दमट, उबदार हवेत आली की. म्हणजे एसी गाडीतून थेट बाहेर काढली की काच धुरकट होणार. उलट बाजूने, थंड पहाटेतून गरम खोलीत आणतानाही तेच. दोन्ही वेळा पिशवीची चेन बंद ठेवून २०-३० मिनिटं जाऊ द्या. धुरकट झालीच तर शर्टाने पुसू नका, तिथेच थांबा, ती आपोआप सुटते. पुसलं तर धुळीचे कण काचेवर घासले जातात. हुड कायम लावून ठेवा, दव त्यावर आधी बसतं. घरी परतल्यावर कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. पुड्या गुलाबी झाल्या की मंद आचेवर तव्यात तापवून पुन्हा निळ्या करता येतात, पण स्वयंपाकाच्या तव्यात नको.

कवड्या_खंड्या:

मोजणीबद्दल. डोळ्याने आधी दहा पक्षी मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते मनात धरा, मग तेवढे तुकडे थव्यावर ठेवत जा. मोठ्या थव्याला पन्नासाचा तुकडा. जमिनीवर बसलेल्या थव्यात मागचे पक्षी लपतात, म्हणून करकोच्यांची मोजणी पहाटे उडताना करा आणि त्याच वेळी ६०० ऐवजी १५० ला झूम मागे घेऊन एक-दोन रुंद फोटो काढून ठेवा. घरी स्क्रीनवर ठिपके मारत मोजलं की अंदाज किती चुकतो तेही कळतं. बहुतेकांचा अंदाज कमी भरतो.

ई-बर्डवर अंदाजे आकडा चालतो, टिप्पणीत ‘अंदाजे’ लिहा. आकड्याऐवजी ‘एक्स’ (नुसतं ‘दिसला’) टाकण्यापेक्षा कितीतरी बरं. एकाच जागी उभे असाल तर स्थिर यादी, ३० मीटरपेक्षा जास्त चाललात तर प्रवासाची. बेळगाव ते धुपदाळ अशी ६० किलोमीटरची एक यादी कुणाच्याच उपयोगाची नाही, धुपदाळचा काठ वेगळा, ऊसशेतं वेगळी करा. ओळख पटली नाही तर ‘भोवत्या, जात अनिश्चित’ असं लिहायला लाजू नका. मादी आणि पहिल्या वर्षाचे भोवते उडताना ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, पंखाचा वरचा आणि खालचा दोन्ही फोटो लागतात.

आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीतच असते, १९८७ पासून चालू आहे. धुपदाळ किंवा हिडकलच्या मोजणीला माणसं लागतात का ते आधी विचारून ठेवा. ८x४२ दुर्बीण आणि पहाटे उठायची तयारी असली की काम मिळतं.